फुंकणीचा फोड

"आणखी उघडा," डॉक्टर म्हणाले. प्रभुलिंगने जबडा ताणला, पण तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. बाजूला बसलेल्या शंकरप्पांनी मुलाबरोबर स्वतःचाही आ वासला होता.

हुपरीत चांदीच्या पैंजणांच्या कड्या डाग देऊन सांधायचे काम हे या घराचे पिढीजात काम. दिवसभर ज्योतीवर फुंकणी फुंकायची म्हटल्यावर गालाला फोड यायचाच. म्हणून गेल्या दिवाळीत प्रभुलिंगने गालातला फोड दाखवला, तेव्हा "लोणी लाव" म्हणून शंकरप्पांनी त्याला पुन्हा फुंकणीवर बसवले. तंबाखूचा संशय घ्यायचा तर आधी स्वतःवर घ्यावा लागला असता. त्यांच्या गालात पन्नास वर्षे तंबाखू होती, आणि पोराने पहिली चिमूट उचलली ती त्यांच्याच चंचीतून.

"कॅन्सर आहे. गळ्यापर्यंत पसरलाय," डॉक्टर म्हणाले. "आता ऑपरेशन करून उपयोग नाही. त्रास कमी होईल एवढं बघू."

"चौतीस वर्साचा हाय हो त्यो! ह्यो म्हाताऱ्यांचा रोग न्हवं?"

"वय वाढेल तसं प्रमाण वाढतं, आजोबा. साठीनंतर जास्तच. पण तरुणांना होत नाही असं नाही. हल्ली तंबाखूपायी तरणी पोरंही येतात."

"मग साठीच्या फुडचा मी बसलोय की हितं. माझं बघा!"

म्हाताऱ्याची समजूत पटावी म्हणून डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले. "तुमचं तोंड चांगलं आहे," ते म्हणाले.

पिकल्या पानाने आधी गळावे, ही जगाची रीत. शंकरप्पांना उभ्या जन्मात एवढी वाईट बातमी कुणी दिली नव्हती.

"आप्पा, चला," प्रभुलिंग पुटपुटला. "गाडी जाईल."

हुपरीची एसटी गच्च भरली होती. एका पाव्हण्याने उठून शंकरप्पांना जागा दिली. त्यांनी मुलाचा दंड धरून त्याला तिथे बसवले.

"ऊठ की रं!" मागून एक बाई कडाडली. "तरणाताठा गडी बसलाय आन् म्हातारा बाप हुबा. लाज कशी वाटत न्हाय?"

प्रभुलिंग मान खाली घालून उठू लागला. शंकरप्पांनी त्याचा खांदा दाबून धरला.

"बसू दे, आक्का," ते म्हणाले. "मला काय धाड भरलीया?"

हुपरी येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.