आत्याला न विचारता ठेवलेलं नाव

लोक मला कौतुकाने दोन देशांची म्हणतात. खरं तर मी दीड देशाची. पासपोर्ट कॅनडाचा, आणि भारत दुसरं नागरिकत्व देत नाही, ओसीआय नावाचं कार्ड देतो. सासरी गेलेल्या लेकीला माहेर असतं तसं ते कार्ड. ये कधीही, राहा कितीही, फक्त मत देऊ नको. म्हणजे मला लेकीसारखं वागवण्यात सरकारने माझ्याही आधी नंबर लावला होता.

अडचण एवढीच, की त्या कार्डावर अजून पुरुषाचं नाव होतं आणि मिशीवाला फोटो. मिशी मी फार हौसेने राखली होती. तिच्याआड लपता येईल असं वाटायचं. कॅनडाने मात्र मागच्या वर्षी नवा पासपोर्ट दिला. नाव केतकी, लिंग स्त्री. विमानतळावर काचेमागचा साहेब पासपोर्टातली केतकी आणि कार्डावरचा मिशीवाला यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी सोडलं त्याने, पण म्हणाला, "पुढच्या वेळी दोघांपैकी एकानेच या."

अमरावतीत माझी शाळेतली मैत्रीण अमरीन ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. तिने माझे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि मान हलवली.

"तुह्या फाईलीत एक पोरगा आत जाते अन् एक बाई बाहेर येते. मधातलं कोन सांगन? रक्ताच्या नात्यातल्या कोनाचं तरी प्रतिज्ञापत्र लाव, का हे दोघं एकच हायेत. नाई त कार्डबी लटकन अन् तूबी."

आईबाबा गेले. रक्ताचं म्हणून उरली अकोल्याची पार्बताबाई, माझी आत्या. ती शेवंती-झेंडू लावते, हार करून विकते. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फोनवर मी आवाज जाड करून बोलायचे, आणि ती वर्षानुवर्षं मला सर्दीवर ओव्याचा काढा सांगायची.

एसटीत बसल्याबसल्या मी भाषणाची उजळणी केली. टोरंटोच्या समुपदेशक बाईंबरोबर घासूनपुसून तयार केलेलं भाषण. शरीर, मन, आणि 'प्रवास' हा शब्द जागोजागी. मूर्तिजापूर येईस्तोवर ते इतकं छान झालं की माझे मलाच हुंदके फुटले. शेजारच्या बाईने गाडी लागली समजून लिंबू हुंगायला दिलं.

आत्या अंगणात हार ओवत होती. मला बघून तिची सुई थांबली.

"दादाचं नाक हाय," ती म्हणाली.

मी भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला तिने हात वर केला.

"समजलं. डोये हायेत मले. नाव काय हाय आता?"

"केतकी."

"कोनं ठेवलं?"

"मीच."

आत्या भडकली ती इथे.

"सोताचं बारसं सोताच केलं? आत्या मेली होती का तुही? अन् ठेवून ठेवून केतकी! महादेवाले चालत नाई ते फूल. तिच्या बनात साप रायते. जलमभर फुलं इकली मी, मले एक फोन नाई करता आला?"

समाज, लग्न, देह, सगळ्यांवर उत्तरं पाठ होती. सापांवर काहीच तयारी नव्हती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आमच्याकडे आत्याचा. दोन देशांचे नियम तळटिपांसकट वाचलेली मी नेमकं तेवढंच विसरले होते.

"आता छापून आलं, आत्या. मला तुझी सही हवी होती..."

"मंग ज्यानं छापलं त्यालेच माग सही."

ती आत गेली. मी तिची सुई उचलून हार ओवत बसले, काहीतरी करायला हवं म्हणून. कार्डाचं आता मनातही नव्हतं. या घरातून परकी होऊन उठायचं की काय, तेवढीच धास्ती.

ऊन उतरल्यावर ती बाहेर आली. माझा हार बोटावर तोलून पाहिला.

"असा हार मढ्यालेबी नाई घालत वं. ऊठ. बंगईवर बस."

शेजारच्या दोघी आल्या. त्यांना काय सांगितलं कोण जाणे, एकीने तर कुंकवाचा करंडाच आणला. माझ्या वजनाने झोपाळ्याच्या कड्या अशा करकरल्या की त्या दोघींनी पदर तोंडाला लावले. आत्याने हलकेच झोका दिला आणि जागच्या जागी जुळवत गायली:

*इमानात बसून गेला गं राघू,*
*इमानात बसून आली गं मैना;*
*माह्या दादाच्या घरचं पाखरू,*
*मी वळखलं गं, कोनी वळखेना.*

मग माझा कान धरून खाली ओढला, कुर्र केलं आणि एक नाव सांगितलं. त्या दोघींनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले.

"हे पायन्यातलं नाव," आत्या पाठ चोळत म्हणाली. "आपल्या दोघीतच ठेव. चालतं नाव केतकी राहू दे. लय शिकलेल्या पोरीचं थोडं आयकाच लागते."

दुसऱ्या दिवशी कोर्टाजवळ नोटरी वकिलाने कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.

"आजी, हे नाव मुलाचं, हे मुलीचं. माणूस एकच, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"दोनी नावं ठेवनारी मीच न! पयल्या वक्ती पायन्यात निसतं तोंड दिसत होतं, घाईत चुकलं माहं. आता नीट पाहून ठेवलं. लिवा."

केतकी हे नाव मी ठेवलं होतं, टोरंटोतल्या थंडीत, एकटीने. मी वकिलाकडे बघून मान डोलावली.

"आणि ही तुमची कोण लागते?"

"भाची," आत्या म्हणाली. "भावाची लेक. कुठी करू सही?"

माझा बांध फुटला. पासपोर्ट आला त्या दिवशीसुद्धा मी अशी भोकाड पसरून रडले नव्हते; वकिलाचा कारकून दारापर्यंत येऊन बघून गेला. आत्या मान खाली घालून एकेक अक्षर कोरत होती.

"तिकडं सरकून रड वं," ती म्हणाली. "शाई पसरन."