कागदात गुंडाळलेली दोन वांगी

मी वांगं बोलतोय. गोल नव्हे, लांबडं, हातभर, पातळ सालीचं. बाजारात आम्हाला चिनी वांगं म्हणतात. तो देश काही मी पाहिला नाही.

मला निवडलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. अंगठ्याने हळूच दाबलं. खड्डा लगेच भरून आला, तसा तो हसला.

"हिनं शिकवलं होतं," तो भाजीवालीला म्हणाला.

भाजीवालीने माझ्या जोडीला आणखी एक वांगं त्याच्या पिशवीत टाकलं. त्याची बायको जाऊन चार महिने झाले होते, हे तिला ठाऊक होतं.

घरी लेक राहायला आली होती. तिने मला नि माझ्या जोडीदाराला फ्रिजमध्ये कोंबलं. आम्हाला गारठा सोसत नाही. सालीवर डाग पडतात, आतलं बी काळं पडतं. पण सांगणार कसं?

सकाळी आम्ही खिडकीत होतो, कागदात गुंडाळलेले.

"बाबा, पुन्हा तुम्हीच ना?"

"नाही गं."

"मग काय, आई उठून आली?"

बाबांनी चहा बशीत ओतला.

"परवा डबे हलवलेत, काल दूध, आज वांगी. तुम्हाला आठवत नाही, बाबा. रविवारी माझ्याकडे चला. घराला कुलूप."

"अगं, कुलूप लावलंस तर ती..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

खरं सांगतो, बाबांनी मला हात लावला नव्हता. कुणी उचललं ते मला दिसलं नाही. फक्त ऊब लागली.

शनिवारी दुपारी लेकीने आम्हाला पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं, स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली आणि बाबांसमोर बसून राहिली. बाबा खुर्चीत घोरत होते. तासाने तिने कडी काढली.

आम्ही खिडकीत. कागदाची टोकं आत मुडपलेली, आई तिचा शाळेचा डबा बांधायची तशी.

लेकीने मुडपलेली टोकं एकेक करून उलगडली. मग तिने जोडीदाराला उचललं, तिरक्या चकत्या केल्या, तेलात लसणीबरोबर परतल्या.

"मीठ अगदी तिच्या हाताचं पडलंय," बाबा जेवताना म्हणाले.

लेकीने पुन्हा चाखून पाहिलं, बरोबरच होतं. मीठ घालायचं ती विसरली होती.

रविवारी ती एकटीच निघाली. कुलपाचं नाव नाही. उंबऱ्यात थांबून बाबांना म्हणाली, "येते." मग स्वयंपाकघराकडे बघून, हळूच, "येते गं."

मी अजून खिडकीतच आहे. साल सुरकुतायला लागलीय, तेव्हा उद्या मलाही शिजवतील. तुमच्याकडे माझं कुणी आलंच, तर त्याला गारठ्यात नका ठेवू. बाहेर काढणारं कुणी प्रत्येक घरात असतंच असं नाही.