काचघरातले लाल-पांढरे दोरे

पाणी दोऱ्यावरून चढतं, एवढं रादोस्तिना कॉलेजात शिकली होती. पण चार दिवसांत किती चढतं, हे तिला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता विचारायची वेळ आली होती. आठ महिन्यांच्या बोयानच्या कानाची शस्त्रक्रिया प्लोव्हदिव्हला व्हायची होती, नवरा ट्रक घेऊन जर्मनीत, आणि परसातल्या काचघरात मिरचीची साठ रोपं. सासूबाई शरदात गेल्या. त्यांच्या लांबट गोड मिरचीचं बी उंदरांनी फस्त केलं, आणि उरलेल्या चिमटीतून ही साठ उगवली. ती गेली की वाणच संपलं.

तिने ओट्यावर तीन पेले मांडले, तीन धागे बुडवले. लोकर हटून बसली. नायलॉनने थेंबभर सोडलं. मार्चच्या सणातून उरलेल्या लाल-पांढऱ्या सुती दोऱ्याने मात्र दुपारपर्यंत कुंडीतली माती काळीभोर केली.

"हा शहाणा," ती बोयानला म्हणाली, आणि मुरंब्याच्या सगळ्या रिकाम्या बरण्या धुवायला घेतल्या. प्रत्येक रोपाला एक दोरा, दुसरं टोक बरणीत.

शेजारची ग्रोझदा आजी कोंबड्यांना दाणे टाकायला येणारच होती. "मग रोपांनाही घालीन की घोटभर," ती कुंपणावरून म्हणाली.

गेल्या वर्षी तिच्या घोटभराने टोमॅटो मुळासकट कुजले होते.

"नको आजी, पाण्याची सोय मी केलीये. तुम्ही फक्त दुपारी दार उघडायचं आणि उन्हं उतरली की लावायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. वचन द्या."

"दिलं बाई. मागतेयस अशी, जशी मी चोरच." सोय कसली, ते ऐकायला ती थांबली नाही. कोंबडा तिच्या वाफ्यात शिरला होता.

दवाखान्यात बोयान झोपला की रादोस्तिना मनातल्या मनात बरण्यांतलं पाणी मोजत बसायची. आज एक बोट उतरलं असेल. आज दोन. ऊन कडक पडलं तर?

पाचव्या दिवशी मुलाला कडेवर घेऊन ती बसमधून उतरली. फाटकातलं आलुबुखाराचं झाड फुलून पांढरं झालं होतं आणि खालच्या फांद्यांना लाल-पांढरे दोरे लटकत होते. त्यात नवल काही नव्हतं. एक मार्चला मनगटाला बांधलेला दोरा पहिला बहर दिसला की सोडायचा आणि त्याच फांदीला बांधायचा, गावभर तेच चालतं. पण इतके? तिने एक हातात घेतला. वीतभर लांब, टोकाला तिचीच गाठ.

ती काचघराकडे धावली. खालच्या दोन्ही फळ्यांवरच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. बरण्या काठोकाठ भरलेल्या.

"आजी, दोरे कुणी सोडले?"

"मी." ग्रोझदा आजी दाण्यांचं टोपलं घेऊन मागेच उभी होती. "सोमवारी बहर आला. म्हटलं, पोरीने दृष्ट लागू नये म्हणून रोपांनाही बांधलेत, आणि सोडायला ती घरात नाही. तसेच राहिले तर वर्ष वाईट जातं."

"आणि सुकलेली दिसली नाहीत?"

"दिसली की. काल दोनदा डबा भरला आणि दोनदा ओतून दिला. वचन घेतलं होतंस ना माझ्याकडून."

रादोस्तिनाला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात तिची नजर वरच्या फळीवर गेली. तिथली अठरा रोपं ताठ उभी होती, दोरे जागच्या जागी, बरण्यांतलं पाणी नीट तीन बोटं उतरलेलं.

"तिथवर माझा हात पोचला नाही," आजी ओशाळून म्हणाली.

वाण वाचलं होतं. रादोस्तिना घमेल्यात पाणी काढायला विहिरीकडे वळली, तशी आजीने तिचा दंड धरला. "गार नको. धसका घेतील. उन्हातल्या पिंपातलं घे."

कोमट पाण्यात कुंड्या ठेवून दोघी उंबऱ्यावर बसल्या. आजीने एक दोरा मागून घेतला, बरणीत सोडला आणि ओल वर सरकताना पाहत राहिली.

"ढकलतंय कोण त्याला?"

"कुणी नाही. आपणहून."

"सत्तर वर्षं हे दोरे बांधतेय," आजी म्हणाली, "आणि हे आज कळतंय."

पहिलं रोप तासाभराने हललं. ऊन कलेपर्यंत बेचाळीसपैकी एकतीस उठली. उरलेल्यांच्या देठांना रादोस्तिनाने बोट लावून पाहिलं आणि ती बाजूला काढली.

"पंधरा दिवसांनी पुन्हा जायचंय, कान दाखवायला," ती म्हणाली. "खालच्या फळ्यांना तुम्हीच पाणी घाला. कुंडीला अर्धा पेला, दिवसाआड. वरचे दोरे राहू द्या."

"बहर आलेला असताना?"

"बहर आलेला असताना."

आजीने बराच विचार केला. "एक तरी सोड. तुझ्या घरात तान्हं आहे."

रादोस्तिनाने वरच्या फळीवरचं सगळ्यांत दणकट रोप निवडलं, त्याचा दोरा सोडून आजीच्या हातात दिला आणि त्या कुंडीत अर्धा पेला पाणी ओतलं.