वाचनालयाची भिशी

कसबा बावड्यातल्या आमच्या वाचनालयाची बैठक म्हणजे नुसता कालवा. वर्षाचं अनुदान आलं आणि पुस्तकं कुठल्या भाषेतली घ्यायची यावरनं चौघं भांडायला लागले. बाळासोंना मराठी पाहिजेत, मुल्लाणीचाचांना उर्दू, शिरोलीच्या फौंड्रीतल्या दुबेंना हिंदी आणि निपाणीकडच्या इराप्पांना कानडी. वाटून घ्या म्हटलं तर कुणीच ऐकंना. मी ग्रंथपाल, माझं डोकं पार उठलं.

शेवटी अध्यक्ष शालूबाई म्हणाल्या, "भिशी लावा की. ज्याची चिठ्ठी निघंल त्याचं सगळं अनुदान. बाकीच्यांचा नंबर पुढच्या वर्षी."

चिठ्ठी निघाली इराप्पांची. बाळासोंचं तोंड बघण्यासारखं झालं. पण कानडी पुस्तकं आली त्या दिवशी ते पाटी-पेन्सिल घेऊन इराप्पांपुढं बसले.

"आमच्याबी वाट्याचा पैसा हाय त्यात. न वाचता सोडतोय व्हय?"

मग चाचा आले, दुबे आले. तिघंही कानडी मुळाक्षरं असल्या खड्या आवाजात घोकायचे की 'शांतता राखा'चा बोर्ड मीच उतरवून ठेवला. दिवाळीपर्यंत सगळे एकाच जाडजूड रहस्यकथेवर तुटून पडले होते.

परवा पुन्हा बैठक झाली. इराप्पांचं नाव वगळून मी तीन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. बाळासोंनी डबाच काढून घेतला.

"चिठ्ठी-बिठ्ठी काय न्हाय. यंदाबी कानडीच घ्या. खून कुणी केला ते दुसऱ्या भागात हाय."