बाकड्याची पुढची कड

आमच्या कॉलेजात कापड नुसतं विणून चालत नाही, आधी प्रेरणा दाखवावी लागते. आमच्या मॅडमचं खरं नाव वेगळं होतं, पण आम्ही बारा जणी पाठीमागे त्यांना प्रेरणाबाईच म्हणायचो. वही पुढे केली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "प्रेरणा काय?" समुद्र, एकटेपणा, गंजलेलं लोखंड असं काही सांगितलं की त्यांची मान डोलायची. खरी गोष्ट अशी की बहुतेक जणी आधी विणायच्या आणि प्रेरणा मागाहून शोधायच्या. माझ्या शेजारच्या मागावर बसणाऱ्या मुलीनं भांडारात निळाच धागा शिल्लक होता म्हणून निळं कापड विणलं आणि मग वहीत समुद्राचे वीस फोटो चिकटवले. तिला दहापैकी नऊ मिळाले आणि तेव्हापासून तिचंच नाव लाट पडलं. बिचारीनं जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता.

शेवटच्या वर्षाचं काम मात्र खोटं नव्हतं. एका इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात नवी बाकडी येणार होती आणि त्यांच्यावरचं कापड आमच्यापैकी एकीचं असणार होतं. ते खरंच गिरणीत विणलं जाणार, बाकड्यांवर चढणार आणि माणसं त्यावर बसणार. मला ते काम हवं होतं. हवं म्हणजे हवंच. त्यात लाजायचं काय?

शिवाय माझ्याकडे जे होतं ते बाकीच्या अकरा जणींत कुणाकडेच नव्हतं. माझी आई एकोणीस वर्षं एका कारखान्यात बसच्या सीटांची कव्हरं शिवते. फाटलेली कव्हरं परत तिच्याच टेबलावर येतात आणि ती एकदा हात फिरवून सांगते, हे खिडकीजवळचं, हे दाराजवळचं, हे ड्रायव्हरच्या मागचं. मी तिला इस्पितळाच्या बाकड्यांचं सांगितलं तेव्हा ती भांडी विसळत होती. पाठ न वळवता म्हणाली, "माणूस सीटवर बसत नाही गं, घसरतो. म्हणून सीट मधे कधी फाटत नाही, पुढच्या कडेला फाटते. उठताना सगळा जोर तिथंच. आणि इस्पितळात तर काय, आत्ता नंबर येईल, मग नंबर येईल म्हणून माणसं कडेवरच टेकणार."

एवढ्या एका बोलण्यावर मी अकरा पानं भरली. कड कुठं घासते, पाठ कुठं टेकते, पिशवी कुठं ठेवतात, सगळ्याची चित्रं काढली. कल्पना सोपी होती. बाकीचं कापड मऊ, आणि पुढच्या कडेवर येईल तिथं चार बोटं रुंदीचा घट्ट पट्टा, पीळदार दुहेरी धाग्याचा, विटकरी रंगाचा. कापड जिथं झिजायचं तिथंच ते मजबूत, आणि शोभाही तीच. वेगळी फुलंबिलं काढायची गरजच नाही.

कल्पना सोपी असली तरी कापड सोपं नव्हतं. पहिल्या नमुन्यात घट्ट पट्टा आकसला आणि कापडाचे काठ नागमोडी झाले. दुसऱ्यात पट्टा इतका कडक झाला की दुमडेना. तिसरा मी कॉलेजच्या दगडी पायरीवर घासत बसले तर पाचशे वेळा घासायच्या आत धागे निघाले. दर नमुन्याला मी आडवा धागाच बदलत होते. त्याला कारण होतं. माग एकदा भरला की उभे धागे हलवता येत नाहीत, सगळं पहिल्यापासून भरावं लागतं, त्यात दोन दिवस जातात. आडवा धागा काय, धोट्यातली कांडी बदलली की झालं. नवव्या नमुन्याला पट्टा जमला. पायरी झिजली असती पण तो झिजला नसता. मी तो उशाला घेऊन झोपायचीच बाकी होते.

मग मी वही मॅडमपुढे ठेवली. त्यांनी अकरा पानं लग्नाचा अल्बम चाळावा तशी चाळली.

"हे ठीक आहे. पण प्रेरणा काय?"

"आई," मी म्हणाले.

त्यांनी एकदम चष्मा काढला. "आई? काय करते आई?"

मी सांगितलं. आणि सांगितल्याचा मला आजतागायत पश्चात्ताप होतोय.

"अगं, मग हीच तर गोष्ट आहे! इतके दिवस लपवून काय ठेवलीस? आईच्या हातांचा फोटो काढ. काळापांढरा. सुईनं टोचलेले, भेगा पडलेले हात. तीन फुटी करून लावू."

"पण मॅडम, आईनं मला सीट कुठं फाटते ते सांगितलं. हातांचं काही नाही त्यात."

"ते तांत्रिक झालं. ते मागच्या पानांवर घे."

एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. सख्ख्या काकानं आगाऊपणा केला तरी मी त्याला सोडत नाही. पण मार्कांची वही मॅडमच्या हातात होती. मी गुमान "बरं मॅडम" म्हणाले आणि अकरा पानं उचकटून मागे लावली.

फोटो काढायचा म्हटल्यावर आईनं साबणानं हात धुतले, नखं कापली, क्रीम लावलं आणि टेबलावर दोन्ही हात नीट मांडून बसली. फोटो छान आले. एखाद्या मुख्याध्यापिकेचे असावेत असे हात. मॅडमनी ते बघून तोंड वाकडं केलं. "हे हात बरे आहेत गं. बरे नकोत. कामावरचे काढ."

तीन दिवस मी कॅमेरा घेऊन कारखान्यात आईच्या शेजारी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी यंत्राचं तेल लागलेला आणि दोऱ्यानं बोट कापलेला एक फोटो मिळाला. आई वैतागली. "असले घाण हात काय काढतेस? लोक म्हणतील पाणी नाही यांच्या घरी." मी म्हणाले, कॉलेजला असंच लागतं. तिनं पुन्हा यंत्र सुरू केलं. कॉलेजला काय लागतं ते मला जास्त कळतं असं तिला वाटायचं. वाटणारच, मीच तसं वागायचे.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर तो फोटो तीन फुटी लागला. त्याच्या बाजूला माझं मीटरभर कापड, ठरावीक अंतरावर आडवे विटकरी पट्टे असलेलं, दोन खिळ्यांना टांगलेलं. आणि फोटोखाली मॅडमनी आपल्या हातानं लिहिलेली पाटी होती, 'श्रमाचे मौन'.

मौन! माझ्या आईला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. ती यंत्राच्या आवाजावर आवाज काढून दिवसभर बोलते, बसमध्ये अनोळखी बायकांशी बोलते, दूध उतू गेलं तर दुधाशी बोलते. तिच्या बोलण्यातूनच हे कापड आलं होतं, आणि या लोकांनी तिला भिंतीवर मुकी करून टांगलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी तिथं उभी राहून हसत होते, कारण पाहुणे परीक्षक फोटोपुढे उभे होते आणि त्यांचे डोळे ओले झाले होते. ते कापडापुढे किती वेळ थांबले ते मी मोजलं. जाता जाता बोट लावलं, बस. तासाभरात निकाल लागला. पहिला नंबर माझा. इस्पितळाची बाकडी करणारे गृहस्थ आलेले होते, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, ठीक, हेच घेऊ.

आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली ती यानंतर. दारातूनच तिला फोटो दिसला.

"हे माझे का?" तिनं मला विचारलं. मग जवळ जाऊन पाटी मोठ्यानं वाचली आणि वळून म्हणाली, "मौन कुणाचं?"

लाट फिस्सकन हसली. मॅडम हात पसरून पुढे आल्या आणि म्हणाल्या, किती बोलके हात आहेत तुमचे. आईनं त्यांना नमस्कार केला आणि त्यांना वळसा घालून सरळ कापडाकडे गेली. त्या सबंध दिवसात ते उलटं करून बघणारी ती पहिली. तिनं दोन्ही हातांनी ते ताणलं, पट्ट्यावर अंगठ्याचं नख ओढलं, कडेचा धागा उकलून बघितला.

"पट्टा चांगला झालाय," ती म्हणाली. "एकदम चांगला. पण आडवा का विणलास?"

"म्हणजे?"

"बाकडं किती लांब आहे?"

"आठ फुटी," मागून बाकडेवाले म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

"मग कापड लांबीतच टाकणार ना?" आई त्यांच्याकडे वळली. "आडवं टाकलं तर दर बाकड्याला दोन-तीन जोड येतील. जोडात घाण बसते आणि पहिली शिवण तिथंच उसवते."

"लांबीतच टाकतो आम्ही. अखंड."

"हं. मग हिचे पट्टे बघा कसे येतील." तिनं कापड खिळ्यांवरून काढलं आणि एका खुर्चीवर लांबीत अंथरलं. विटकरी पट्टे पाठीकडून पुढे आले, शिडीच्या पायऱ्यांसारखे. पुढच्या कडेवर सगळीकडे मऊ कापड होतं, मधेच कुठंतरी पट्ट्याचं टोक. "जिथं माणूस घसरणार तिथं काहीच नाही. चार महिन्यांत फाटेल हे."

सगळ्यांनी ऐकलं. आई हळू बोलतच नाही.

ते खरं होतं. दोन दिवस माग भरायचा कंटाळा म्हणून मी आडवा धागा धरला आणि पुढे विसरूनच गेले की कापड कुणीतरी कापणार आहे. मी विसरले ते विसरले. पण दोन परीक्षक, एक मॅडम आणि सगळं कॉलेज यांच्यापैकी एकानं तरी विचारावं?

तेवढ्यात मॅडमनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई भावुक झाल्यात," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "साहजिक आहे. या जागेत पहिल्यांदाच आल्यात ना."

"भावुक नाही झाली ती!" मी ओरडले. "चूक काढतेय! तुम्ही काढायला हवी होती ती चूक! माझी सगळी वही तुमच्याकडे होती. तुम्ही तिच्या हातांवरच्या भेगा मोजत बसलात!"

मॅडम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पहिला नंबर आहे तुझा. तोंड बंद ठेव." मी ती पाटी भिंतीवरून ओढली. अर्धी माझ्या हातात आली, अर्धी तिथंच राहिली. "प्रेरणेचे दहा मार्क जातील," त्या म्हणाल्या. "कापा," मी म्हणाले.

या सगळ्या वेळात आई आणि बाकडेवाले खुर्चीपाशी वाकून बोलत होते. "पट्टा उभा हवा, काठालगत," ती सांगत होती, "पण चार बोटं सोडून. कारण तेवढं कापड दुमडून खाली खिळवायला जातं." ते निमंत्रणपत्रिकेच्या मागे लिहून घेत होते. लिहून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नवीन कापड कधी देशील म्हणून विचारलं. माग भरून, नमुने घासून, तीन आठवडे, मी म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. गिरणीला सोमवारी द्यायचं होतं, त्यांचा इलाज नव्हता. पाहुण्या परीक्षकांनी घसा खाकरून दुसऱ्या नंबरचं कापड पुढे केलं. लाटेचं. ते निळं तर नुसतं बघूनही उसवेल असं होतं, पण त्याच्याजवळ समुद्र होता. लाट रडायलाच लागली. तिलाही ठाऊक होतं.

रस्त्याला लागेपर्यंत मी बोलत होते. मॅडमना काय कळतं, परीक्षकांना काय कळतं, माणसाला भिंतीवर टांगतात आणि त्याचं ऐकत नाहीत, उद्या मी प्राचार्यांकडे जाते की नाही बघ. आई शेजारून चालत होती आणि कधी नव्हे ती एक शब्द बोलत नव्हती. मला वाटलं, फोटोचं वाईट वाटलंय. बसथांब्यापाशी मी म्हणाले, "आई, तो फोटो मी लावायला नको होता. चुकलं माझं."

"फोटोचं काय घेऊन बसलीस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो राग मॅडमवर नव्हता. "तीन दिवस माझ्या शेजारी उभी होतीस. समोरच्या टेबलावर कापणारा दिवसभर कापड लांबीतच अंथरत होता. एकदा मान वर करून बघायचंस. नाही दिसलं तर मला विचारायचंस. मी काय नाही म्हणाले असते?"

बस आली. ती पुढे होऊन चढली आणि मी पायरीवर पाय ठेवून उभीच राहिले, कारण त्या तीन दिवसांत मी तिला फक्त एवढंच म्हणत होते, आई, बोलू नकोस, हात हलतात.