दानम्मानं काही केलं नव्हतं

आडावर निलम्मा हात धूत होती आणि मागे चार बायका घागरी घेऊन खोळंबल्या होत्या. कोपरापर्यंत धुवायचे, मनात मोजायचं, मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. तळव्यांना भेगा पडून रक्त यायचं. मी तिचा नवरा काशप्पा, खजुरीत कपडे शिवतो. दिवसभर मशीन चालवून थकत नाही, पण बायकोला आडावरून घरी आणताना पार जेरीस यायचो.

गावानं निदान केव्हाच केलं होतं: भानामती. केली कुणी, तर समोरच्या दानम्मानं. विधवा, एकटी, जिभेनं तिखट, एवढं पुरलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते बरंच वाटलं. कुणाच्या तरी नावानं बोटं मोडता येत होती. सोमवारी बसवण्णाच्या देवळापुढे पंच बसणार आणि तिला गावाबाहेर काढणार, असं ठरलं.

आदल्या शुक्रवारी मी निलम्माला गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला चार वर्षं झाली होती, हैदराबादेत शिकलेले नवे डॉक्टर तिथे आले होते. तासभर विचारत बसले. म्हणाले, बाई वेडी नाही, हिला कुणी काही केलेलं नाही. काम उरकलं की मेंदू आपल्याला 'झालं' असं कळवतो. हिच्या मेंदूत ते कळवणं कुठेतरी अडतंय, असा त्यांचा अंदाज. नक्की कुठे ते अजून कुणालाच ठाऊक नाही, खात्रीचं औषधही नाही. पण कधीकधी हे घराण्यातून चालत येतं. माहेरी कुणाला होतं का? निलम्मा पदराला हात पुसत राहिली.

परतताना बसमध्ये बोलली. तिचे अप्पा रानाकडे निघाले की दाराची कडी पाहायला अर्ध्या वाटेवरून माघारी येत, एकेका सकाळी दहादा. आमच्या लेकीचं, महानंदाचं, भालकीत लग्न जमलं होतं, पंधरा दिवसांत सुपारी फुटायची होती. आजार रक्तातला आहे म्हटल्यावर पोरगी कोण करून घेईल? मी बजावलं, हे तोंडातून काढायचं नाही.

"मग दानम्माक्काचं कसं?" तिनं विचारलं.

खजुरी अजून किती लांब, ते मी कंडक्टरला विचारलं.

सोमवारी पंचांनी मला विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. अशक्तपणा आहे म्हणाले, असं मी पुटपुटलो. दानम्मा खाली बसली होती, बोचकं तिनं आधीच बांधून आणलं होतं. तेवढ्यात बायकांतून निलम्मा पुढे आली.

"दानम्माक्कानं काय केल्यालं न्हाई," ती म्हणाली. "हे माज्या अप्पाला बी व्हतं. माज्यात तिकडून आलंय. डाक्तर तसंच बोलला, ह्यास्नी इचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? व्हय म्हणालो.

दानम्मा बोचकं उचलून घरी गेली. आठव्या दिवशी भालकीहून माणूस आला, यंदा लग्न करायचं नाही म्हणून सांगून गेला. मी निलम्माला नको नको ते बोललो. तिनं ऐकून घेतलं.

संध्याकाळी महानंदा चुलीपुढे तिच्याजवळ जाऊन बसली.

"अव्वा, माज्यात बी असंल का गं ते?"

निलम्मानं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "असंल बी. पर आलंच तर एक ध्यानात ठिव. तुला कुनी काय केल्यालं नसंल, अन् तू बी कुनाचं काय केल्यालं नसंल."

महानंदानं पिठाची परात पुढे ओढली आणि भाकरी थापायला घेतली. त्या दोघींजवळ जाऊन बसावंसं फार वाटत होतं, पण माझी छाती झाली नाही. मी ओसरीवरच जेवलो.