डाव्या हाताचे टाके

शिकाऱ्यांइतकी थापाडी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. बोलायला लागले की सशाचा वाघ करतात. तीस वर्षं मी जनावरांत पेंढा भरते. समोरून गोळी घातली म्हणून मिशीला पीळ देतात, आणि भोक मला सापडतं शेपटीजवळ. मी ऐकून घेते, भांडून गिऱ्हाईक तुटतं.

एक गोष्ट मात्र मी ऐकून घेत नसे, घळीची. वरच्या जंगलात नदी कड्यांमध्ये शिरते, तिथून म्हणे माणसाची हाक येते. कुणी पहाटे ऐकलेली, कुणाची कुत्री शेपूट घालून परत फिरलेली. जंगल मेलेल्याचा आवाज उचलतं आणि जिवंताला बोलावतं, हे इथल्या प्रत्येक शिकाऱ्याने बापाकडून ऐकलेलं. कुणी ती गोष्ट काढली की मी सुरी टेबलावर आपटायची आणि म्हणायची, चहा प्या आणि चालू पडा. चार वर्षांपूर्वी त्याच घळीत आमचे हे गेले होते.

दुकान आम्हा नवराबायकोचं. सोलणं, मीठ-तुरटी चोळणं माझ्याकडे, शिवण यांच्याकडे. डावखुरे होते. टाका उलट्या बाजूने घालत, आणि दर तिसऱ्या टाक्याला गाठ. मी म्हणायची, दोरा काय तुमच्या तीर्थरूपांचा आहे? ते म्हणायचे, एक टाका तुटला म्हणून सगळं उसवायला नको. शिकारीलाही बरोबर जात, कारण कातड्याला जागच्या जागी मीठ लागलं नाही तर केस झडतात. म्हणून कोटाच्या डाव्या खिशात कायम मीठ, उजव्यात सुई आणि मेणाचा दोरा. कोट धुताना मी बडबड करायची आणि ते खुशाल झोपायचे.

त्या दिवशी बरोबर माझा धाकटा दीर होता. कड्यावरची माती सुटली आणि हे खाली गेले. दुसऱ्या दिवशी दीर माणसं घेऊन गेला, पण खाली नुसती झाडी आणि पाणी, उतरायला वाट नाही. तिसऱ्या दिवशी तो एकटाच जाऊन आला, तो पांढराफटक पडून. दादा हाक मारतोय म्हणाला. बारक्या, ओ दे रे, असं म्हणतोय. दोर घेऊन उतरतो.

मी दार अडवून उभी राहिले. आत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एक गेला होता, दुसरा मला घालवायचा नव्हता. मी म्हटलं, मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये, भाऊजी. माझ्या गळ्याची शपथ घातली, दोर काढून घेतला, पुन्हा त्या घळीचं नाव काढणार नाही असं वदवून घेतलं. त्याने शब्द पाळला. पुढे यांचा दुसरा, अगदी तसाच कोट मी त्याला दिला. तोच तो घालायचा.

गेल्या मंगळवारी दुपारी तो एक हरीण घेऊन आला. नर, ऐन तरुण. टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसला. रानडुकराने मांडी फाडली तेव्हासुद्धा डॉक्टरची थट्टा करणारा हा माणूस, पण चहा दिला तर न पिताच खाली ठेवला.

हळूहळू त्याने सांगितलं. तीन दिवस हे हरीण त्याच्या मागे होतं. तो थांबला की थांबे, चालला की चाले. दगड मारला तरी हटलं नाही. हरीण माणसाच्या मागे लागलेलं कुणी ऐकलंय? तिसऱ्या दिवशी ते थेट अंगाला येऊन भिडलं आणि कोटाच्या डाव्या खिशात तोंड खुपसायला लागलं. घाबरून त्याने हातभर अंतरावरून बार काढला.

"पडल्यावरसुद्धा माझ्याकडेच बघत होतं," तो म्हणाला. "पेंढा नको, वहिनी. पुरून टाकू. पण आधी उघडून बघा, हरीणच आहे ना ते."

मी हसले, आणि सुरी घेतली.

खांद्यापर्यंत कातडं सोललं, आतली बाजू वर केली आणि हात थांबला. वीतभर लांब जुनी जखम, पूर्ण भरून आलेली. आत मेणाचा दोरा मुरलेला. टाके उलट्या बाजूने घातलेले. दर तिसऱ्याला गाठ.

मी जबडा उघडून दात पाहिले. तीन वर्षांच्या वरचं नव्हतं. वण अंगाबरोबर वाढलेला, म्हणजे पाडस असताना शिवलेला. यांना घळीत पडून चार वर्षं झाली होती. मी बोटांवर दोनदा मोजलं. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"भाऊजी, हे टाके तुमच्या दादाचे आहेत."

त्याला कळेना. मी दात दाखवले, दोरा दाखवला. म्हटलं, हे हरीण जन्मलं तेव्हा आमचे हे जिवंत होते. यांनीच शिवलं, हातातलं मीठ चाटवून वाढवलं. ते तुमच्या मागे लागलं नव्हतं, त्या कोटाच्या मागे लागलं होतं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्ही दोर घेऊन निघाला होता. मी अडवलं."

तो रडला नाही. टाक्यांवरून बोट फिरवत बसला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "आवाज थांबलाच नव्हता, वहिनी."

मी म्हटलं, नीट सांगा. त्याने सांगितलं. तिकडून वारा आला की ऐकू यायचा. पहिल्या वर्षी खणखणीत, नंतर खोल गेलेला. शब्द दिला होता म्हणून तो बोलला नाही; वाट बदलून जायचा. सगळेच शिकारी वाट बदलून जायचे.

आणि माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे आले, याच टेबलाशी बसून हाकेची गोष्ट काढणारे. चार वर्षं माणसं माझ्या नवऱ्याची खबर माझ्या दुकानात आणत होती, आणि मी सुरी आपटून त्यांना घालवून देत होते. थापाडे म्हणत होते मी त्यांना.

"कधीपर्यंत येत होता?"

"मागच्या महिन्यापर्यंत." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग थांबला. मला बरं वाटलं, वहिनी. सुटलो असं वाटलं."

मी हात धुतले, आतल्या खोलीत गेले आणि पेटीतून दोर काढला. त्याच्या हातून घेतला होता तसाच गुंडाळलेला होता. म्हटलं, आत्ता निघालो तर उजेड असेपर्यंत पोचू.

तो उठला. कोट काढून त्याने हरणाच्या अंगावर घातला आणि माझ्या हातातला दोर घेतला. या वेळी मी दारातून बाजूला झाले.